वादळ गेलं, पार्क बंदच ठेवलं

गंजलेला रोलरकोस्टर, झुडपांत बुडालेली तिकीटघरं आणि बाहेरच्या फलकावर ‘वादळामुळे बंद’. अमेरिकेतल्या ‘सिक्स फ्लॅग्ज न्यू ऑर्लिन्स’ या करमणूक पार्कचे हे फोटो फिरतात तेव्हा खाली ठरलेला मजकूर असतो: भरभराटीला आलेलं हे पार्क २००५ साली कॅटरिना वादळाने एका रात्रीत संपवलं, आणि आजही ही झपाटलेली जागा तशीच पडून आहे. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

भरभराट कसली? २००० साली ते ‘जॅझलँड’ नावाने उघडलं आणि २००२ मध्ये दिवाळखोरीत गेलं. मग अशी पार्कं चालवणाऱ्या सिक्स फ्लॅग्ज कंपनीने भाडेपट्टा घेतला आणि २००३ मध्ये नव्या नावाने दारं उघडली. म्हणजे वादळापूर्वी या नावाने ते तीन हंगामसुद्धा पुरे चाललं नव्हतं.

‘वादळाने संपवलं’ हे तर फारच सोयीचं वाक्य आहे. शहर बुडालं ते पूरसंरक्षक बंधारे तोकडे पडले, फुटले म्हणून. पार्कात खारं पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिलं, कारण ते खोलगट जागेत होतं आणि उपसा करणारे पंप बंद पडले होते. पण पुढची जवळजवळ वीस वर्षं? ती पाण्याने नेली नाहीत. २००६ मध्ये कंपनीने पार्क दुरुस्तीपलीकडे गेल्याचं सांगून पुन्हा उभारायला नकार दिला. शहर प्रशासन तिला भाडेपट्ट्यातून मोकळं करायला तयार नव्हतं. २००९ मध्ये कंपनी स्वतःच दिवाळखोरीत गेली. त्यानंतर योजना येत राहिल्या, बारगळत राहिल्या. हे सगळं माणसांनी कागदावर केलं.

‘तशीच पडून’ हेही चूक. ‘बॅटमॅन’ रोलरकोस्टर उचलून टेक्सासला नेला. २००८ पासून तो सॅन अँटोनियोत ‘गोलायथ’ नावाने धावतो. रिकाम्या आवारात हॉलिवूडची चित्रीकरणं झाली. २०२४ मध्ये पाडकाम सुरू झालं.

मला सर्वांत खटकतो तो ‘झपाटलेली’ हा शब्द. हे पार्क न्यू ऑर्लिन्स ईस्टमध्ये होतं, जिथे बहुतांश कृष्णवर्णीय कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी हा भयपटाचा सेट नव्हता. घराजवळची करमणुकीची आणि तरुण पोरांच्या रोजगाराची जागा होती. आणि आठवणींचे धागे याहून मागे जातात. इथला ‘मेगा झेफ’ हा लाकडी रोलरकोस्टर, पाँटचारट्रेन बीच या शहरातल्याच, १९८३ मध्ये बंद झालेल्या पार्कातल्या ‘झेफर’ रोलरकोस्टरच्या स्मरणार्थ बांधलेला. त्या जुन्या पार्कात १९६४ पर्यंत फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. कृष्णवर्णीयांसाठी लिंकन बीच हे वेगळं पार्क होतं, याच पूर्व भागात, तलावाकाठी. वंशभेदी प्रवेशबंदी उठली त्याच १९६४ साली लिंकन बीच बंद करण्यात आलं. ते परत खुलं व्हावं म्हणून तिथले रहिवासी अलीकडे स्वतः झाडलोट करत, पाठपुरावा करत आले आहेत. फोटोखाली चार ओळीच लिहायच्या असतील तर त्यांच्याबद्दल लिहा.