घोळ, खारी जमीन आणि निंदण : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यातले, जिथं जमीन आणि पाणी दोन्ही खारं. घोळ या रानभाजीवरचा माझा मागचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "घोळीचं कौतुक करायला तुमचं काय जातं? आमच्या कपाशीत निंदायला बाया मिळत नाहीत. वरून तुम्ही म्हणता, ती जमिनीतलं मीठ ओढते. उद्या कोणी तण ठेवून देईल वावरात."

मिठाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते वाक्य मी आजच बदललं. घोळ खाऱ्या जमिनीत तगते, थोडंफार मीठ अंगात साठवतेही. पण ते वावरातून जाईल ते झाड उपटून बाहेर नेलं तरच. जागीच कुजली तर मीठ जिथल्या तिथं. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यात आपलं दुखणं खोलवर आहे. बोअरचं पाणी खारं, काळी माती चिकण, आणि सोडियमनं ती आणखी चोपण होते, पाणी मुरूच देत नाही. तिथं माती तपासून जिप्सम, निचऱ्याला चर आणि पावसाचं गोडं पाणी हाच उपाय. घोळीच्या भरवशावर बसू नये.

निंदणाबद्दल मात्र मला तुम्हाला काही सांगायचं आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. ओल असताना डवरा (बैलांनी ओढायचं कोळपं) फिरवला, वावर स्वच्छ दिसलं, आणि पुढच्या पावसानंतर घोळ पहिल्यापेक्षा दाट. खाली बसून पाहिलं तर डवऱ्यानं तुटलेल्या बोटभर लाल कांड्यांना पांढरी मुळं फुटलेली. एका झाडाची पाच झाली होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकलेली घोळही लवकर मरत नाही. देठातल्या पाण्यावर जगते आणि बोंडं पिकवते. बोंडाचं टोपण अलगद निघतं, आत खसखशीहून बारीक काळं बी. ते मातीत कैक वर्षं टिकतं. म्हणून डवरणी उघाडीत, कडक उन्हात करायची. पिवळी फुलं यायच्या आत उपटायची, आणि उपटलेली टोपल्यात भरून वावराबाहेर न्यायची.

आता कौतुकाबद्दल. ते मी मागे घेत नाही. माय सांगायची, "घोय सकायचीच तोडावं, आंबट लागते." त्यामागं कारण आहे. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती दिवसा पानांची छिद्रं मिटते, रात्री हवा घेते आणि ती आम्लाच्या रूपात पानात साठवते. दिवस चढला की ते आम्ल खर्ची पडतं. एरवी ती ज्वारी-मक्यासारखी, भर उन्हात झपाट्यानं वाढणाऱ्या जातीची. या दोन्ही रीती एकाच पानात, त्याच पेशींत चालतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं. पाऊस महिनाभर दडी मारतो तेव्हा कपाशी माना टाकते आणि घोळ तकतकीत राहते, त्याचं उत्तर इथं आहे.

एक गोष्ट मागच्या लेखात राहून गेली. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यानं ती टाळावी. बाकीच्यांनी उकळून, पाणी फेकून, तुरीच्या डाळीत किंवा ताकात शिजवावी. आपल्या पट्ट्यात किडनीच्या तक्रारी किती घरांत आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. मी हे आधीच लिहायला हवं होतं.

तुमच्याकडे ती डवरणीनंतर दाटते की पहिल्या निंदणाआधीच, तेवढं कळवा. डवरणीनंतर असेल, तर पुढची पाळी उघाड पाहून करा आणि वेचायला एक टोपलं सोबत ठेवा.