टीबीएचक्यू, खवटपणा आणि लेबलवर नसलेला आकडा

पाकीटबंद खाऊत लायटरमधला गॅस, म्हणजे ब्युटेन, मिसळतात, असा मजकूर पुन्हा फिरू लागला आहे. रोख टीबीएचक्यू या कृत्रिम अँटिऑक्सिडंटवर, म्हणजे तेल खवट होऊ नये म्हणून घालायच्या पदार्थावर असून, त्याच्या ‘टर्शरी ब्युटिल हायड्रोक्विनोन’ या लांबलचक रासायनिक नावात ब्युटेनशी मिळताजुळता ‘ब्युटिल’ हा शब्द येतो, एवढ्यावरच हा डोलारा उभा आहे. भीती घालायचीच असेल, तर निदान खऱ्या मुद्द्याची घालावी.

तेलाला येणारा खवट वास ही साखळी प्रक्रिया असते: ऑक्सिजनमुळे मेदाम्लाचा एक रेणू बिघडतो आणि तो शेजारच्या रेणूला बिघडवतो. टीबीएचक्यू आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतो. मात्र खवटलेले तेल त्याने पुन्हा ताजे होत नाही, म्हणून तो आधीच घालावा लागतो. प्रॉपिल गॅलेट हा त्याचा भाईबंद लोहाशी संबंध येताच निळसर काळा पडतो आणि तळणाच्या उष्णतेत फारसा टिकत नाही. टीबीएचक्यूला या दोन्ही अडचणी नसल्यामुळे तळणाच्या तेलासाठी तो उद्योगाच्या पसंतीस उतरला.

अमेरिकेने त्याला १९७२ मध्ये परवानगी दिली. तेथे तेला-तुपाच्या प्रमाणात कमाल मर्यादा ०.०२ टक्के, म्हणजे किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघात तो ई ३१९ या क्रमांकाने चालतो. जपानच्या परवानगी यादीत तो नाही. पण यादीत नसणे म्हणजे घातक ठरणे नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

खरा मुद्दा हिशेबाचा आहे. रोज पोटात गेले तरी चालेल असे प्रमाण शरीराच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅमपर्यंत ठरवले आहे. साठ किलोच्या माणसासाठी ते ४२ मिलिग्रॅम होते. मर्यादेइतका टीबीएचक्यू असलेल्या २१० ग्रॅम तेलात तेवढा असतो, आणि इतके तेल रोज कोणी पीत नाही. पण पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा साडेदहा मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ५२ ग्रॅम तेलाची. वजनाच्या एक तृतीयांश तेल असलेले तळलेले पदार्थ दीडशे ग्रॅम खाल्ले, की ती जवळपास गाठली जाते. ही मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनासाठी असते, त्यामुळे एका दिवसाने काही बिघडत नाही. रोजच्या सवयीबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही.

आणि हा हिशेब मला कमाल मर्यादा गृहीत धरूनच करावा लागला, कारण पाकिटावर बारीक अक्षरात ‘अँटिऑक्सिडंट (३१९)’ एवढेच छापलेले असते, तो किती घातला आहे हे छापलेले नसते.