आजारी पडा, पण पॉलिसी वाचून

आजारी पडायचं ठरवलंच असेल, तर आधी मुहूर्त बघा. आरोग्यविम्याची पॉलिसी घेतल्यावर पहिले तीस दिवस आजारी पडायचं नाही, खर्च मिळत नाही. याला वेटिंग पिरियड म्हणतात. त्या काळात फक्त अपघात चालतो. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, गुडघे या मंडळींना साधारण दोन वर्षं दम धरायला सांगा. मुतखडा ऐकत नाही, हा त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे. बीपी-शुगर आधीपासूनच असेल, तर पूर्वी चार वर्षंही थांबावं लागे. २०२४ पासून विमा नियामकाने ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. एका वर्षाची सूट मिळालीय, हे हृदयाला तेवढं कळवून ठेवा.

हॉस्पिटलात गेल्यावर पहिला प्रश्न येतो : "कॅश की मेडिक्लेम?" कुठे दुखतंय, हे मागाहून विचारतात. उत्तर देताना घाई करू नका, कारण खर्चाचं इस्टिमेट पुष्कळदा या उत्तरावर ठरतं. मग खोली. नातेवाईक भेटायला येणार, त्यांना बसायला सोफा हवा, म्हणून तुम्ही सिंगल डीलक्स घेता. सोफा हा वैद्यकशास्त्रातला सर्वांत महागडा अवयव आहे. समजा पॉलिसी पाच लाखांची आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतली. वरचे पाच हजार आपण भरू, असा तुमचा साधा हिशेब. पण भाडं निम्मं मान्य झालं, की सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, सगळंच निम्मं मान्य होतं. साठ हजारांच्या फीतले तीस हजार तुमचे. सोफ्यावर मावसभाऊ बसला होता पंधरा मिनिटं, तोही उसाचा रस पिऊन गेला.

यानंतर कुठली वस्तू वैद्यकीय आणि कुठली चैनीची, हे शिकून घ्या. विमा कंपन्यांकडे ६८ वस्तूंची एक यादी असते, पैसे न देण्याची. तीत हातमोजे आहेत, मास्क आहे, ऑक्सिजनचा मास्कही आहे. ईसीजीचे इलेक्ट्रोड, युरीन जग, ट्रॉलीचं कव्हर, डायपर आणि थर्मामीटरही. तेव्हा सर्जनना नम्रपणे सांगा, की मोज्यांशिवाय जमेल का बघा. शवागाराचं भाडंही त्याच यादीत आहे, म्हणून तोही बेत आखू नका.

खरी परीक्षा डिस्चार्जच्या दिवशी. गेल्या वर्षी आमच्या आत्याचा गुडघा बदलला, तेव्हा सकाळी साडेनऊच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "आज घरी." आत्याने लगेच केस विंचरले, पिशवीत तांब्या भरला आणि पायात चपला चढवून पलंगाच्या कडेला बसली. अकराला सिस्टर म्हणाल्या, फाइल बिलिंगला गेलीय. एकला फाइल टीपीए डेस्कवर, म्हणजे हॉस्पिटलातल्या विम्याच्या टेबलावर पोहोचली. डेस्कवर पाटी होती, पंखा होता, माणूस जेवायला गेला होता. तो आल्यावर मी हुशारी केली. म्हटलं, २०२४ च्या नियमाप्रमाणे विमा कंपनीकडून डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत यायला हवी. तो सौजन्याने म्हणाला, "बरोबर आहे सर. पण ते तीन तास आम्ही रिक्वेस्ट पाठवल्यापासून. रिक्वेस्ट अजून कुठे पाठवलीय?" नियम वाचणाऱ्या माणसाकडे तो ज्या मायेने बघत होता, तसं आत्यानेही माझ्याकडे कधी बघितलेलं नाही. संध्याकाळी सव्वासातला मंजुरी आली. तोवर आत्याच्या चपला काढून पुन्हा घालून झाल्या होत्या.

सुधारणांची चर्चा मात्र जरूर करा, तिला वेटिंग पिरियड नसतो. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढा, असं आपण सगळे किती तळमळीने म्हणत होतो! २२ सप्टेंबर २०२५ पासून तो खरंच गेला. माझ्या चाळीस हजारांच्या हप्त्यावरचे ७,२०० वाचले. मी पेढे आणले. पुढच्या नूतनीकरणाला मूळ हप्ताच अठ्ठेचाळीस हजार झाला. कारण विचारलं, तर माझा वयोगट बदलला म्हणे. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी बोलावं, असा नियम २०२५ च्या जानेवारीत आला. मला साठीला अजून चार वर्षं आहेत. त्यामुळे माझा सल्ला : लवकर म्हातारे व्हा. आणि झालातच, तर थेट सत्तरीच गाठा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच आहे. मधली वर्षं कशी काढायची, ते मुतखड्याशी बोलून ठरवा.

महाराष्ट्रात राहत असाल तर तेवढंही थांबायला नको. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, तीही पाच लाखांपर्यंत. आत्याला आधी हेच सुचवलं होतं. मोफत म्हटल्यावर ती दचकली. "आपण काय गरीब आहोत का?" मग कळलं, की तिचे डॉक्टर बसतात ते हॉस्पिटल योजनेत नाही, आणि योजनेतल्या हॉस्पिटलात रुग्णाला मदत करणारा आरोग्यमित्र आहे, पण सोफा नाही. प्रश्न मिटला. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्येच सांगून ठेवलंय, की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२५ येऊन गेलं. धोरणाची प्रकृती उत्तम आहे, त्याला कुठेही ॲडमिट करावं लागलेलं नाही.

आत्याच्या बिलातून शेवटी एकवीस हजार वजा झाले. त्यात एक थर्मामीटर होता, दोनशे चाळीस रुपयांचा. तो मी हट्टाने मागून घेतला. आता आत्या रोज सकाळी चहाआधी ताप बघते. ताप नसतोच. पण पैसे भरलेत म्हणून संध्याकाळी पुन्हा बघते, आणि मला फोन करून आकडा सांगते.