पाऊस आमचा, धरण आमचं, मग तूट का वाटून घ्यायची?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. त्यातला राग खरा आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. तुम्ही कृष्णाकाठचे. तुमचं म्हणणं असं: 'पाऊस आमच्या सह्याद्रीत पडतो, धरणाखाली जमिनी आमच्या गेल्या. आमचं पीक वाळत असताना खालच्या राज्याला पाणी सोडा, असं लिहायला तुमचं काय जातं?'

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगतो. मागच्या लेखात मी 'तूट प्रमाणात वाटावी', म्हणजे कमी पावसाच्या वर्षी प्रत्येक राज्याचं पाणी त्याच्या वाट्याच्या प्रमाणात कमी करावं, असं लिहून थांबलो. ते अपुरं होतं. पिण्याचं पाणी सगळ्यांसाठी आधी बाजूला काढायला हवं, प्रमाण लावायचं ते उरलेल्या साठ्याला. आणि कागदावर तर तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या बच्छावत लवादाने 1976 च्या निवाड्यात कृष्णेचं 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटलं: महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्रला 800. हा आकडा 75 टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे शंभरातली पंचवीस वर्षं त्याहून कमी पाण्याची असणार हे तेव्हाच गृहीत होतं. त्या पंचवीस वर्षांचा भार खालच्या आंध्रवर टाकला गेला. त्या बदल्यात श्रीशैलम आणि नागार्जुनसागरमध्ये पाणी पुढच्या वर्षासाठी साठवून ठेवायची मुभा त्यांना मिळाली.

पण त्याच लवादासमोर दुसरी योजनाही होती. 'ब' योजना. तिच्यात तूट आणि वाढावा दोन्ही वाटून घ्यायचे होते आणि खोऱ्यासाठी एक प्राधिकरण नेमायचं होतं. राज्यांचं एकमत झालं नाही आणि ती तशीच राहिली. मला ही गोष्ट मनापासून लागते, कारण तेव्हा हातात आलेला तुटीचा नियम आपण सोडून दिला. आज उन्हाळ्यात कर्नाटक कोयनेचं पाणी मागतं, आणि आपल्या जतच्या सीमेवरची गावं कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेकडे डोळे लावून बसतात. दोन्हीकडे तहान खरी आहे, पण पाणी सुटणार की नाही हे त्या त्या वेळच्या पत्रव्यवहारावर ठरतं.

नुसतं तत्त्व मान्य करून भागत नाही, हे कावेरीवर दिसलं. कावेरी लवादाच्या 2007 च्या निवाड्यात 740 टीएमसीचं वाटप आहे, महिनावार वेळापत्रक आहे, तुटीच्या वर्षी प्रत्येकाचा वाटा प्रमाणात कमी करावा असंही म्हटलं आहे. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि मग कर्नाटकाने तमिळनाडूला पंधरा दिवसांसाठी 5000 क्युसेक (सेकंदाला 5000 घनफूट) सोडण्याच्या आदेशावरून बेंगळुरू बंद झालं. हिशेब केला तर ते साधारण साडेसहा टीएमसी होतात. भर दुष्काळात, पंधरवड्या-पंधरवड्याने मोजमाप ठरवायला बसलं की असंच होणार. तापलेल्या माणसांकडून समजुतीची अपेक्षा कशी करायची?

याउलट नांदेडचा गोदावरीवरचा बाभळी बंधारा पाहा, त्याच्या खाली तेलंगणा. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली. या तारखांवर नांदेडच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि ती मला पटते: 28 ऑक्टोबरनंतर गोदावरीला येवाच, म्हणजे वरून येणारं पाणीच, फारसा उरत नाही, मग बंधारा भरणार कशाने? नियम येव्याकडे पाहून हवा होता. तरी दरवाजा कधी पडणार हे वरच्या-खालच्या दोन्ही राज्यांना आधीपासून ठाऊक असतं, ही मोठी गोष्ट आहे.

साठा पाहून चालणारा नियमही आपल्याकडे आहे, तो राज्याच्या आत. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचा. 'धरण आमचं' हे तुमचं वाक्य तिथेही म्हटलं जातं, मराठवाड्याला उद्देशून. तिथे ते मान्य करायचं नसेल, तर राज्याची सीमा आली म्हणून ते खरं कसं ठरेल?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर मीड जलाशयाची पातळी 1075 फुटांखाली जाणार असं दिसलं की कोणत्या राज्याची किती कपात, हे 2007 मध्येच लिहून ठेवलं होतं. 2021 मध्ये पहिल्यांदा ती वेळ आली, तेव्हा अ‍ॅरिझोनाला आपला आकडा आधीच माहीत होता.

आता तुमच्या वाळणाऱ्या पिकाकडे येतो, कारण मूळ प्रश्न तोच आहे. 15 ऑक्टोबरला कोयना, उजनी, अलमट्टीचे साठे मोजून प्रत्येकाचा आकडा जाहीर झाला, तर पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) आणि सुरू (जानेवारी-फेब्रुवारीच्या) उसाची किती लागण करायची हे तुम्ही वेळेत ठरवू शकाल. फेब्रुवारीत आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, रद्द झाल्याचं कळतं तेव्हा बेणं, खत, मजुरी सगळं जमिनीत गेलेलं असतं. पावसाळ्यात लावलेला अडसाली ऊस मात्र ऑक्टोबरात आधीच शेतात उभा असतो. माझ्या मते उभ्या उसाची पाळी आधी राखावी आणि कपात नव्या लागणीवर यावी. तुमच्या भागात हे बसेल का, ते लिहा. मागच्या लेखातली ती ओळ मी त्याप्रमाणे दुरुस्त करणार आहे.