‘पाणी’तला ण संस्कृतचा नाही

‘पानी’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: आमचा उच्चार शुद्ध, कारण तो संस्कृतला धरून आहे. मग संस्कृत शब्दच बघू. तो आहे ‘पानीय’, त्यात न आहे. ण मराठीचा. उलट ‘पर्ण’मध्ये ण होता, त्याचं आपण ‘पान’ केलं. कर्णाचा कान, सुवर्णाचं सोनं, अरण्याचं रान, चूर्णाचा चुना, पूर्णिमेची पुनव. म्हणजे जिथे न होता तिथे आपण ण म्हणतो आणि जिथे ण होता तिथे न. शुद्धतेचा निकष संस्कृत असेल तर पाणी आणि पान दोन्ही नापास.

पण यात गोंधळ कुठेच नाही. गोंधळ दिसतो तो मधलं प्राकृत गाळून थेट संस्कृतवरून मराठीत उडी मारल्यामुळे. प्राकृताचा जुना व्याकरणकार वररुची, त्याचं सूत्र आहे, ‘नो णः सर्वत्र’: न दिसला की ण करा. त्यामुळे प्राकृतात पानीयचं पाणिअ झालं आणि पर्णाचं पण्ण. दोन्हीकडे ण, फरक एवढाच की एकीकडे सुटा आणि दुसरीकडे जोड. मराठीनं पुढे हाच फरक धरून ठेवला. दोन स्वरांमधला सुटा ण तसाच राहिला. जोड ण्ण सुटला, आधीचा स्वर लांबला आणि व्यंजन न झालं. शब्दाच्या सुरुवातीचा ण परत न झाला, म्हणून नाक, नख, नवा.

आता हे लावून बघा. नवनीत: सुटा न, म्हणून लोणी. मानुष: माणूस. स्थान: ठाणं. भगिनी: बहीण. शून्यात न्य, त्याचा प्राकृतात ण्ण, म्हणून ‘सुनं सुनं’. यज्ञोपवीतातल्या ज्ञचाही ण्ण, म्हणून जानवं, जाणवं नव्हे. बोलणे, धुणे, जेवण यांतला ण संस्कृतच्या ‘-अन’मधल्या सुट्या न पासून आलेला. शाळेत शिकवतात तो ‘र, ऋ, ष यांच्या पुढे ण’ हा नियम तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांचा. तो ‘बोलणे’ला लावायला गेलात तर तिथे र, ऋ, ष यांपैकी काहीच सापडणार नाही, आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात.

जोड होता याचा जिवंत पुरावा हवा असेल तर पंजाबी ऐका. तिथे कान अजून ‘कन्न’ आहे, हात ‘हत्थ’, सात ‘सत्त’, आणि पाणी मात्र ‘पाणी’च. गुजरातीतही पाणी, पण पान, कान, सोनुं. ओडियातही पाणि आणि कान. हिंदीनं दोन्ही एकत्र केले: पानी, पान, कान. वऱ्हाडीनं आणि अहिराणीनंही तेच केलंय. व्यंजनाच्या हिशेबात हिंदी पुस्तकातलं ‘पानी’ आणि वर्ध्याच्या शेतातलं ‘पानी’ यांत तसूभरही फरक नाही. एक प्रमाण भाषा ठरली आणि दुसरी गावंढळ. याचं कारण ध्वनिशास्त्रात शोधू नका, तिथे ते नाही.

ल आणि ळ यांचंही गणित हेच आहे. सुटा ल असेल तर ळ, जोड ल्ल असेल तर ल. गल म्हणजे गळा, गल्ल म्हणजे गाल. ‘काल’ (समय) चा काळ झाला, आणि ‘कल्य’मधल्या ल्यचा ल्ल होऊन आपला कालचा ‘काल’. मूल्याचं मोल, पण मूलचं मूळ. फळ, माळ, कमळ सुट्याचे. तेल मात्र तेळ का झालं नाही? कारण प्राकृतात ते ‘तेल्ल’ होतं. डचाही ळ होतो: गुडचा गूळ, षोडशचे सोळा, तडागाचं तळं. ‘अग्निमीळे’ म्हणणाऱ्या ऋग्वेदाला हा ळ ठाऊक होता, त्यामुळे ळ म्हणजे फक्त द्राविड उसनवारी असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

ताडून बघताना चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. पहिली म्हणजे तत्सम आणि परके शब्द मिसळणं. जन, मन, दिन हे ग्रंथांतून परत आणलेले. ‘जण’ तेवढा घरचा. दुकान, मैदान, खजिना, सवाल यांत सुटा न किंवा ल असूनही ण-ळ नाही, कारण हे शब्द फारसी-अरबीतून आले तोवर बदल होऊन गेलेला होता. म्हणजे हा नियम शब्दाचं वयही सांगतो. दुसरी चूक एकाच जोडीवरून निकाल देण्याची. शरीर, शेती, स्वयंपाक, आकडे यांतले निदान आठ-दहा शब्द घ्या, प्रत्येकाचं प्राकृत रूप शोधा आणि व्यंजनाच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो. आणि न बसणारा शब्द ओढून बसवू नका. राज्ञीचं नियमानं ‘रानी’ व्हायला हवं होतं, आहे ‘राणी’. असू द्या.

संस्कृतसारखं दिसणं किती फसवं असतं, ते ‘सहा’वरून कळतं. षष् वरून सरळ सहा, असं वाटतं. पण प्राकृतात तो छ होता. हिंदीचा छह आणि गुजरातीचा छ त्याच्याच जवळचे, आणि छचा स करणं ही मराठीची खोड. कछुआ तो कासव, छाल ती साल, छुरी ती सुरी, मछली तो मासा, बछड़ा ते वासरू. पुढे इ किंवा ए असेल तर सच्या जागी श: छींक ती शिंक, गुजराती छाण ते शेण. मूळ क्ष असेल तर प्राकृतातच दोन वाटा फुटल्या, ख आणि छ. हिंदीनं खेत, मक्खी, ईख, कोख घेतले. आपण छची वाट धरून शेत, माशी, ऊस आणि कूस. ‘कूस’ म्हणताना स आणि ‘कुशीत’ म्हणताना श, हा बदल आपण रोज करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. ‘भीक’, ‘काख’ अशा काही शब्दांपुरते मात्र आपणही ख-वाल्यांत गेलो, भीकमधला ख पुढे क झाला एवढंच.

प्सचाही असाच च्छ झाला. गावच्या विहिरीवर शेंदूर फासलेले सात दगड असतात ना, त्या साती आसरा. संस्कृतात अप्सरा, प्राकृतात अच्छरा.