सहाची भूक

आहाराविषयी सल्ला देणारी जितकी माणसं मला आजवर भेटली, ती सगळी बसलेली होती. कुणी दवाखान्यात, कुणी व्हिडिओत, कुणी आमच्याच हॉलमधल्या सोफ्यावर. मी डोंबिवलीहून लोकलने वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला जाते, म्हणजे दिवसातले बरेच तास उभी असते. त्यामुळे त्यांचं म्हणणं डोक्याला पटतं, पण पोटापर्यंत पोचत नाही.

घरचंच बघा. सासरे रिटायर झाल्यापासून डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पंथातले. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं. नणंद आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांना मानणारी. तिचं म्हणणं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा आणि तुपाला भिऊ नका. सणावाराला दोघं समोरासमोर आले की पुरणपोळी गार होईपर्यंत चर्चा चालते. मला दोन्ही बाजू मान्य आहेत. पण पंचावन्न मिनिटं? आमचा लंच टाइम अर्ध्या तासाचा, त्यात मायक्रोवेव्हपुढे रांग, आणि रांगेत पुढच्या कुणी बोंबील आणले असतील तर मागच्या सगळ्यांच्या भाजीला बोंबलाचा वास. बरं, दर दोन तासांनी खायचं म्हटलं तर त्यातला एक मुहूर्त हमखास मुंब्रा आणि कळव्याच्या मध्ये येतो. तेव्हा माझा एक हात वरच्या कडीला असतो, दुसरा कुणाच्या तरी पाठीमागे अडकलेला असतो आणि बॅग दिवा स्टेशनपासूनच एका अनोळखी मांडीवर पोचलेली असते.

मग लोक म्हणतात, डबेवाला लाव. मुंबईचे डबेवाले १८९० पासून घरचं गरम जेवण ऑफिसात पोचवतात, त्यांचा अभ्यास करायला परदेशातून माणसं येतात. सगळं खरं. फक्त या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की डबेवाला दारात येईल तेव्हा घरात कुणीतरी पोळ्या लाटत असेल. आमच्या घरातली ती ‘कुणीतरी’ त्या वेळी घाटकोपरच्या आसपास लोंबकळत असते. (नवरा असतो घरी. त्याचं ‘वर्क फ्रॉम होम’ आहे आणि तो माझ्याच डब्यातली उरलेली भाजी खातो.)

तेव्हा डबा माझा मीच नेते. पोळी-भाजी निभावते, परीक्षा असते कोशिंबिरीची. सकाळी सहाला चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, दही, मीठ. दुपारी एकला झाकण उघडावं तर वर पाणी, तळाला कूट आणि मध्ये मऊ पडलेली काकडी. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मीठ आयत्या वेळी घालावं.” तेव्हापासून पर्समध्ये मिठाची पुडी असते. ती एकदा मेट्रो स्टेशनवर तपासणीत निघाली. सिक्युरिटीवालीने पुडी उघडली, हुंगली, चिमूटभर चाखली आणि मग फारच कनवाळूपणे विचारलं, “बीपी लो होतं का?”

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात भाज्या आणि फळं मिळून दिवसाला अर्धा किलोच्या घरात खावीत असं आहे. त्यात शंभर ग्रॅम पालेभाजी. वाचायला सोपं आहे. पण शंभर ग्रॅम मेथी म्हणजे निवडलेली मेथी, जुडी नव्हे, आणि ती निवडणार कुठे? तर परतीच्या लेडीज डब्यात. आमच्या ग्रुपला भांडुपपर्यंत बसायला मिळालं तर मिळतं, आणि मिळालं की पिशव्या बाहेर येतात. एकीची मेथी, दुसरीचे मटार, तिसरीची गवार. आपली भाजी आपणच निवडायची असा नियम नाही. जिच्या हाताला जे येईल ते ती मोडते. मुलुंडला उतरणाऱ्या काकूंनी तर वर्षानुवर्षं इतरांचेच मटार सोललेत. स्वतः मात्र स्टेशनबाहेरून सोललेले घेतात, कारण “घरी जाऊन आणखी काम नको बाई.” या मुंबईत माणसांच्या पोटात जी काही पालेभाजी जाते, तिचा मोठा वाटा आमच्या डब्याचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि रेल्वेने पासात थोडी सूट द्यायला हरकत नाही.

पण मेथी रात्री नऊला पानात पडते. खरा घात होतो त्याआधी, संध्याकाळी सहाला. तिन्ही ठाव जेवणाबद्दल सगळे बोलतात, या सहाच्या भुकेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. डबा एकला संपलेला, घर अजून तीन तास लांब आणि नेमकी तेव्हाच मीटिंग. मागे ऑफिसने आम्हाला आरोग्यदायी खाण्यावर एक ऑनलाइन व्याख्यान दिलं. ठेवलं होतं लंच टाइमला. बाई छान बोलल्या. म्हणाल्या, जेवताना स्क्रीनकडे बघू नका, प्रत्येक घास सावकाश चावा. आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत भराभर गिळत होतो, कारण शेवटी हजेरीची लिंक यायची होती.

सहाला ॲपवर बघावं तर सॅलड तीनशेच्या वर. त्यात लेट्यूसची पानं, चार मक्याचे दाणे आणि डिलिव्हरीचे पैसे वेगळे. शिवाय ते खायला टेबल लागतं, काटा लागतो, मांडीवर नॅपकिन लागतो. कुर्ला स्टेशनबाहेर वडापाव वीस रुपयांत. एका हातात मावतो, उभ्याने खाता येतो, पुढचं इंडिकेटर बघत संपतो. वडापाव पहिल्यांदा विकला गेला तो दादर स्टेशनबाहेर, १९६६ च्या सुमारास, अशोक वैद्यांच्या गाडीवर, असं मानतात. स्टेशनबाहेर, हे लक्षात घ्या. ज्या शहरात माणसाचा एक हात कायम कडीला असतो, तिथे उरलेल्या हाताचा विचार करून काढलेला हा पदार्थ आहे. मैद्याचा पाव, आत बटाटा, तोही तळलेला. आहारतज्ज्ञांच्या दृष्टीने यात बरं म्हणावं असं तिखट चटणीतल्या लसणापलीकडे काही नसेल. पण घाण्यातून वडा निघतो, गाडीवाला पाव मधोमध फाडतो, लाल चटणी बोटाने दाबतो, वर मिठात लोळवलेली मिरची ठेवतो, आणि हे सगळं तुमचे सुटे पैसे निघायच्या आत. लेट्यूसला हे कसं जमणार?

एका हाताने खाता येणारी आणि तब्येतीला चांगली अशी एकच गोष्ट मला माहीत आहे, केळं. ते पर्समध्ये कुर्ल्यापर्यंत टिकत नाही. टिकलंच तर मोबाइलच्या चार्जरला लागलेलं असतं.

शेवटी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चण्या-शेंगदाण्यांचा डबा ठेवला. फुटाणे, भाजलेले दाणे, थोडे खारवलेले वाटाणे. दोन मुठी खाल्ल्या की कुर्ल्याची चटणी नाकात शिरली तरी पाय पुढे जातात. फक्त ड्रॉवरचा आवाज फार लांबवर जातो. आधी शेजारचा आला, मग अकाउंट्सवाले आले, मग ज्यांचं नावही मला माहीत नाही असे येऊन “तुमच्याकडे मिळतात ना?” विचारायला लागले.

एके दिवशी साहेबच आले. माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत म्हणून ताई म्हणतात, आणि साहेब आहेत म्हणून मीटिंग सहाला ठेवतात.

“ताई, आहे का काही खायला?”

म्हटलं, “आहे ना. पण सहाची मीटिंग साडेचारला घ्या. सहाला कुणाचं डोकं चालत नाही, तुमचंही.”

मूठभर फुटाणे तोंडात टाकून त्यांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यापासून मीटिंग खरोखर साडेचारला झाली. आता चणे चारलाच संपतात.