ओल्ड्स-डिड्सबरीने कॅनडा सोडायचा कौल दिला होता म्हणे!

कॅलगरी-एअरड्रीकडच्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्या मामेबहिणीने तो वाचून घराचं मॉर्गेज रिन्यू करायचं लांबणीवर टाकलं, तेव्हा म्हटलं आता गप्प बसण्यात अर्थ नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या ओल्ड्स-डिड्सबरी या ग्रामीण मतदारसंघाने १९८२ मध्ये कॅनडातून फुटून निघायचा कौल दिला. सत्ताधाऱ्यांचा बालेकिल्ला ढासळला. ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, घाबरून तिथल्या फुटीरवादी आमदाराला वर्षाच्या आत घरी बसवलं, त्याचं नाव निकालांतून पुसलं आणि मतदारसंघच मोडला. कौल मात्र कायद्याने अजून जिवंत आहे, २०२५ मध्ये तिथे पुन्हा तेच घडलं, आणि अल्बर्टा वेगळं झालं की सगळ्यांची पीआर (कायम वास्तव्याची) कार्डं रद्द. म्हणून घरं विकून मोकळे व्हा. खाली एक नकाशा आणि ‘सर्वांना पाठवा’.

यातली एकच गोष्ट धड खरी आहे. १७ फेब्रुवारी १९८२ च्या पोटनिवडणुकीत ओल्ड्स-डिड्सबरीतून वेस्टर्न कॅनडा कन्सेप्ट या पक्षाचे गॉर्डन केसलर निवडून आले आणि तो पक्ष पश्चिम कॅनडा वेगळा करा म्हणणारा होता. पश्चिम कॅनडात असा पक्ष तिकीट देऊन आमदार निवडून आणतो, हे तेव्हा पहिल्यांदाच झालं. हे मान्य. (‘कॅनडात पहिल्यांदाच’ मात्र नाही. क्वेबेकमध्ये १९७० सालीच पार्टी केबेक्वा या क्वेबेक वेगळा करा म्हणणाऱ्या पक्षाचे सात आमदार होते. १८६७ मध्ये तर नोव्हा स्कोशियाच्या प्रांतिक विधानसभेत ३८ पैकी ३६ जागा कॅनडाच्या संघाला विरोध करणाऱ्यांनी जिंकल्या होत्या.) पुढचं सगळं साप साप म्हणून भुई धोपटणं आहे.

‘सत्ताधाऱ्यांचा बालेकिल्ला ढासळला.’ कोणाचा बालेकिल्ला? अल्बर्टाच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी १९०५ ते १९८२ पर्यंतच्या सगळ्या निवडणुकांचा मतदारसंघवार अहवाल छापलेला आहे. तो उघडून ओल्ड्स आणि डिड्सबरी पाहिलं असतं, तर हे वाक्य लिहायला हात धजला नसता. ओल्ड्सने १९०९ ते १९२१ डंकन मार्शल यांना निवडून दिलं. ते लिबरल, आणि प्रांताचे कृषिमंत्री. ओल्ड्सचं शेतकी विद्यालय १९१३ मध्ये सुरू झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत. १९२१ मध्ये शेतकऱ्यांच्या पक्षाने, म्हणजे युनायटेड फार्मर्सने, या मंत्र्यालाच पाडलं. १९३५ मध्ये सोशल क्रेडिट या नव्या पक्षाची लाट आली आणि शेतकऱ्यांचा पक्ष प्रांतभर एका झटक्यात साफ झाला. १९६३ मध्ये ओल्ड्स आणि डिड्सबरी हे दोन मतदारसंघ जोडून एक झाला, आणि तिथे सोशल क्रेडिटचेच बॉब क्लार्क बसले ते १९८१ मध्ये स्वतःहून राजीनामा देईपर्यंत. त्याआधी १९६० पासून ते डिड्सबरीचे आमदार होते.

आता तारखा जुळवून बघा. पीटर लॉहीड यांच्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्हांनी १९७१ मध्ये सत्ता घेतली. १९७५ मध्ये त्यांना ७५ पैकी ६९ आणि १९७९ मध्ये ७९ पैकी ७४ जागा मिळाल्या. अशा दोन त्सुनामींतही ओल्ड्स-डिड्सबरी त्यांच्या हाती लागला नाही. १९७९ मध्ये सोशल क्रेडिटच्या सगळ्या प्रांतात मिळून चार जागा उरल्या होत्या, त्यातली ही एक. म्हणजे केसलर यांनी जागा घेतली ती विरोधी पक्षाची. सत्ताधारी पक्षाकडे गमवायला तिथे काही नव्हतंच. क्लार्क यांचं वजन स्वतःचं होतं, शिक्षणमंत्री आणि विरोधी पक्षनेते राहिलेला माणूस. तो बाजूला झाला आणि पक्षाच्या नावावर मत टाकायला फारसं कोणी उरलं नाही. सरकारवर राग काढायचं एक साधन मोडलं, लोकांनी दुसरं उचललं. वीस वर्षांचा मतदारसंघाचा इतिहास वगळून एका रात्रीच्या निकालावर अर्थ काढला की असा बादरायण संबंध लागतो.

‘फुटून निघायचा कौल दिला.’ केसलर यांना मतं मिळाली ४२ टक्क्यांच्या आसपास, आकड्यात चार हजारांच्या आगेमागे. सोशल क्रेडिट दुसरा, सत्ताधारी पक्षाचे स्टीफन स्टाइल्स तिसरे. एकूण मतदान साडेनऊ हजारांच्या घरात. आपल्याकडे विधानसभेच्या एका मतदारसंघात तीन लाखांवर मतदार असतात, त्या डोळ्यांनी ‘एका मतदारसंघाचा कौल’ वाचलं की चित्र फुगतं. कॅनडात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, निम्म्याचा टप्पा गाठावा लागत नाही. दहापैकी जवळपास सहा जणांनी केसलर सोडून दुसऱ्याला मत दिलं होतं. मतपत्रिकेवर प्रश्न नव्हता, फक्त उमेदवारांची नावं होती.

आणि लोक चिडले होते ते कशावर? २८ ऑक्टोबर १९८० ला ओटावाच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आला. तेलाचा देशांतर्गत भाव जागतिक भावाच्या खाली धरून ठेवायचा आणि तेलाच्या पैशातला केंद्राचा वाटा वाढवायचा, हे त्याचं सार. ज्या लिबरल सरकारने तो आणला, त्याचे मॅनिटोबाच्या पश्चिमेला खासदार शून्य होते. ड्रिलिंगचे रिग सीमा ओलांडून अमेरिकेत जाऊ लागले. १ सप्टेंबर १९८१ ला लॉहीड आणि पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी तेलाच्या भावाचा करार केला आणि शॅम्पेनचे ग्लास उंचावले. तो फोटो छापून आला, आणि काम गेलेल्या माणसाला आपला प्रीमिअर, म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री, ट्रुडोंबरोबर हसत पितोय हे दिसलं. लॉहीड यांना त्या फोटोचा पुढे पश्चात्ताप झाला. त्याच सुमारास कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेचा दर २० टक्क्यांच्या वर होता. कर्ज काढून ट्रॅक्टर आणि जमीन घेतलेल्या शेतकऱ्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. करार आणि पोटनिवडणूक यांत सहा महिनेही गेले नव्हते.

केसलर स्वतः ऑइल स्काउट होते, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या विहिरींवर नजर ठेवून कुठे काय लागतंय त्याची माहिती काढणारे. शिवाय रोडिओतले घोडेस्वार. त्यांच्या प्रचारात ऊर्जा कार्यक्रमाबरोबर सक्तीची मेट्रिक मापं आणि इंग्रजी-फ्रेंच अशा दोन भाषांचं धोरण यांवरची नाराजीही होती. वेगळं होण्याचा विचार खरोखर मनात धरून मत देणारे त्यांच्या मतदारांत होतेच, नाही कोण म्हणतंय? पण त्या मतांचं सार्वमत करून टाकणं ही लबाडी आहे.

‘ओटावाने घरी बसवलं.’ ओटावाचा काही संबंध नाही. प्रांताची विधानसभा बरखास्त होते ती प्रांताच्या प्रीमिअरच्या सल्ल्याने. आधीची निवडणूक १४ मार्च १९७९ ला झाली होती, पुढची २ नोव्हेंबर १९८२ ला, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. त्यात वावगं काहीच नाही. एवढं मात्र कबूल करतो की लॉहीड घाबरले होते. एप्रिलमध्ये तेल कंपन्यांना मोठी सवलत आणि त्याच वर्षी व्याजाचा बोजा उचलणाऱ्या योजना हे काही योगायोगाने आलं नाही. पण मतदारांना सवलती देऊन निवडणूक जिंकणं याला कटकारस्थान म्हणायचं, तर मग महाराष्ट्रात काय म्हणाल?

नोव्हेंबरमध्ये केसलर ओल्ड्स-डिड्सबरीतून उभेच राहिले नाहीत. ते हायवूड या दुसऱ्या मतदारसंघातून लढले आणि हरले. त्यांच्या पक्षाला प्रांतभर सुमारे १ लाख ११ हजार मतं, जवळपास १२ टक्के, आणि जागा शून्य. सत्ताधाऱ्यांना ७५. ओल्ड्स-डिड्सबरीत निवडून आले ते स्टीफन स्टाइल्स, फेब्रुवारीत तिसरे आलेले तेच गृहस्थ. आणि तेव्हा कुठे प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्हांनी ही जागा पहिल्यांदा जिंकली.

‘नाव निकालांतून पुसलं.’ हा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळेना. कोणीतरी १९७९ चा तक्ता उघडला, त्यात क्लार्क. मग १९८२ चा उघडला, त्यात स्टाइल्स. मध्ये केसलर नाहीत, म्हणजे पुसलं! अहो, ते सार्वत्रिक निवडणुकांचे तक्ते आहेत. पोटनिवडणुकांचे निकाल वेगळे छापतात. १९७९ च्या निवडणुकीतून आलेली ती एकोणिसावी विधानसभा. तिच्या मुदतीतल्या पोटनिवडणुका काढा, १७ फेब्रुवारीपाशी केसलर आहेत, मतांसकट. कोणत्याही कॅनडियन मतदारसंघाचा इतिहास तपासताना ही चूक हमखास होते. म्हणून आधी मतदारसंघाचं त्या वर्षीचं नेमकं नाव बघायचं, मग निवडणूक सार्वत्रिक की पोट ते बघायचं, मग हद्द, आणि टक्के सगळ्यात शेवटी.

हद्दीवरून आठवलं, तो नकाशा. तो आजच्या ओल्ड्स-डिड्सबरी-थ्री हिल्सचा आहे. १९८२ मध्ये थ्री हिल्स हा वेगळा मतदारसंघ होता, तिथल्या आमदार कॉनी ऑस्टरमन, सत्ताधारी पक्षाच्या. थ्री हिल्सच्या एकाही माणसाने त्या फेब्रुवारीत केसलरना मत दिलेलं नाही, कारण त्यांच्याकडे निवडणूकच नव्हती. ‘मतदारसंघ मोडला’ तर त्याहून पोकळ. ओल्ड्स-डिड्सबरी त्याच नावाने १९८६, १९८९ आणि १९९३ च्या निवडणुकांत होता. १९९७ मध्ये फेररचनेत थ्री हिल्स जोडलं गेलं. शिक्षा द्यायला पंधरा वर्षं थांबणारं सरकार मी तरी ऐकलेलं नाही.

आता ज्याच्यामुळे माणसं घरं विकायला निघाली तो मुद्दा: ‘कौल कायद्याने जिवंत आहे, वेगळं झालं की पीआर रद्द.’

पोटनिवडणुकीतून एक आमदार निवडला जातो. विधानसभा बरखास्त झाली की त्याची आमदारकी संपते. मागे ‘जिवंत’ राहील असं काही उरत नाही. मतदारसंघ हा कायद्याच्या नजरेत फुटून निघू शकणारा घटकच नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १९९८ ला क्वेबेकच्या बाबतीत स्पष्ट सांगितलं की प्रांतालासुद्धा एकतर्फी बाहेर पडायचा हक्क नाही. स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकीच्यांवर वाटाघाटीला बसायचं बंधन येतं, आणि त्यापुढे घटनादुरुस्ती लागते. प्रश्न आणि बहुमत स्पष्ट आहेत का, ते २००० च्या क्लॅरिटी अॅक्टप्रमाणे संघीय हाउस ऑफ कॉमन्स ठरवतं. गंमत म्हणजे घटनादुरुस्तीची आजची पद्धतच लागू झाली १७ एप्रिल १९८२ ला, केसलर निवडून आल्यावर बरोबर दोन महिन्यांनी. शिवाय जवळजवळ सगळं अल्बर्टा ट्रीटी ६, ७ आणि ८ च्या भूमीवर आहे. ते करार आदिवासी राष्ट्रांनी क्राउनशी, म्हणजे राजसत्तेशी, केलेले आहेत, एडमंटनच्या प्रांतिक सरकारशी नाही.

पीआर देतं संघीय सरकार, संघीय कायद्याखाली. प्रांतातल्या पोटनिवडणुकीत कोण जिंकलं यावरून त्याचा केसही वाकडा होत नाही. पीआर धोक्यात येतो तो वेगळ्याच कारणाने. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिल्याचा हिशोब जुळला नाही तर. आईवडिलांच्या आजारपणासाठी पुण्यात वर्ष-वर्ष काढणाऱ्यांनी काळजी करायची तर ती याची करावी. प्रवासाच्या तारखा लिहून ठेवा, जुने पासपोर्ट टाकू नका. आणि कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर संपत नाही, फक्त त्या कार्डावर विमानात चढता येत नाही.

राहिलं २०२५. ओल्ड्स-डिड्सबरी-थ्री हिल्सचे आमदार नेथन कूपर अल्बर्टाचे प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला गेले, म्हणून २३ जूनला पोटनिवडणूक झाली. प्रांतातल्या सत्ताधारी युनायटेड कन्झर्व्हेटिव्हच्या टारा सॉयर ६१ टक्के घेऊन जिंकल्या. विरोधी पक्ष एनडीपी २० टक्क्यांवर दुसरा. वेगळ्या अल्बर्टाची मागणी करणारा रिपब्लिकन पक्ष १८ टक्क्यांच्या आत, तिसरा, आणि तोही खुद्द पक्षाध्यक्ष उभे असताना. कूपर यांना २०२३ मध्ये ७५ टक्क्यांच्या आसपास मतं होती, म्हणजे सत्ताधाऱ्यांची मतं घटली आणि त्यातली बरीच तिकडे गेली असावीत, हे दिसतंच. अल्बर्टात सार्वमताची चळवळ आहे, तीही काही हवेतली नाही. पण ‘पुन्हा तेच घडलं’ म्हणायचं तर ४२ टक्क्यांवरून १८ च्या आत आणि पहिल्यावरून तिसऱ्या नंबरावर, असं घडलं.